खाप्याजवळचा काळा थर

माती बोटाला चिकटली आणि मी ती पुन्हा चोळून पाहिली.

मी ट्रेंचमध्ये उकिडवी बसले होते. वर काठावर आमचे आष्टीकर साहेब फोटो काढून घेत होते. गळ्यात मफलर, हातात माती खरवडायचा ट्रॉवेल आणि चेहऱ्यावर लेकीचं लग्न ठरल्यासारखा आनंद. पेपरवाला म्हणत होता, "सर, जरा खाली पाहा, त्या जळालेल्या थराकडे." साहेब गंभीर चेहरा करून खाली पाहत होते. खाली मी होते. तो जळालेला थर माझ्या दोन बोटांत होता, आणि तो जळालेला नव्हता.

राख अशी चिकटत नाही. चोळली की भुरभुर उडते, बोट पांढुरकं होतं. हे काळं, मऊ, ओशट होतं. चोळलं की पसरत होतं. अरे देवा, मनात म्हटलं, आता हे या माणसाला कोण सांगणार?

मी सुनंदा गजभिये. माझा जन्म उत्खननात गेला. आता रिटायर झाले, पण ही गोष्ट नोकरीतली आहे आणि फार जुनीही नाही. खापा गावाच्या पुढं कन्हान नदीच्या काठावर एक टेकाड आहे, तिथं आमचं काम चालू होतं. ट्रेंच म्हणजे दोरी लावून, आखून खणलेला चौकोनी खड्डा. त्याच्या उभ्या भिंतीला आम्ही सेक्शन म्हणतो. सेक्शनमध्ये मातीचे थर दिसतात. वरचा थर अलीकडचा, जितकं खाली जाल तितकं जुनं. बस, एवढंच शास्त्र आहे. बाकी सगळी पाठदुखी.

त्या टेकाडाखाली वाकाटकांच्या काळातलं एक गाव निघालं होतं. गाव कसलं, चांगलं नगरच. विटांची घरं, रस्ते, विहिरी. वाकाटक म्हणजे आपल्याकडचेच राजे. रामटेकच्या बाजूला त्यांची राजधानी, गुप्तांशी सोयरीक, दख्खनमध्ये दरारा. आणि मग पाहता पाहता सगळं संपलं. का संपलं, यावर आमच्या धंद्यात पोटभर भांडणं आहेत. साहेबांचं मत ठरलेलं होतं. बाहेरून शत्रू आला, त्यानं नगरं जाळली, साम्राज्य कोसळलं. हे मत ते तरुणपणापासून मांडत होते. पुरावा तेवढा सापडत नव्हता.

मी मुलीच्या बाळंतपणासाठी सुट्टीवर गेले आणि नेमका तेव्हाच पुरावा सापडला. काळा थर. चांगला वीतभर जाड, थेट नगराच्या शेवटच्या काळातला. परत आले तर साइटवर लग्नघराचं वातावरण. साहेब जानेवारी संपता संपता रिटायर होणार होते. सव्वीस जानेवारीला संध्याकाळी सीताबर्डीच्या एका हॉलमध्ये त्यांचं व्याख्यान ठरलं होतं आणि पोस्टरही छापून झालं होतं. 'आगीत संपलेलं साम्राज्य : प्रजासत्ताकानं घ्यायचा धडा'.

आणि मी पहिल्याच दिवशी ट्रेंचमध्ये उतरून बोटाला माती लावून बसले होते. माझी सवयच वाईट.

या साहेबांबद्दल थोडं सांगायला हवं. मी नोकरीला लागले तेव्हा बायकांनी सावलीत बसून खापरं धुवायची असा रिवाज होता. साहेबांनी मला पहिल्याच सीझनला ट्रेंच दिला. कोणीतरी म्हणालं, सर, पोरगी उन्हात टिकायची नाही. साहेब म्हणाले, "मीच टिकत नाही, तिला काहून विचारता?" ट्रेंच कसा खणायचा, माती कशी वाचायची, चूक झाली तर ती कशी कबूल करायची, सगळं यांनीच शिकवलं. खडूस माणूस नव्हता. मजुरांच्या पोरांच्या शाळेची चौकशी करणारा, स्वतःचा डबा वाटून खाणारा. म्हणून तर जिवावर आलं होतं.

पेपरवाला गेल्यावर मी वर आले.

"साहेब, हा थर मला जळालेला वाटत नाही."

साहेब हसले. "अहो सुनंदाबाई, इतके दिवस बाळाची लंगोटं धुतली तुम्ही. आता मातीचा हात गेला तुमचा."

"लंगोटं धुतली म्हणूनच सांगून राहिले साहेब. चिकट कशाला म्हणतात ते ताजं ताजं माहीत आहे."

"सॅम्पल लॅबला गेलंय. रिपोर्ट येईल तेव्हा येईल. तोवर माझ्या डोळ्यांवर विश्वास आहे की नाही?"

"डोळ्यांवर आहे. चष्म्यावर नाही."

एरवी या बोलण्यावर ते खो खो हसले असते. आज हसले नाहीत. मफलर सारखा केला आणि "बघू" म्हणून निघून गेले. बघू म्हणजे नाही, हे सरकारी नोकरीतल्या माणसाला सांगावं लागत नाही.

मग मी वसंताला धरलं. वसंता डोंगरे आमचा ट्रेंच सुपरवायझर, खाप्याचाच. खणणारी माणसं, मोजमाप, फोटो, सगळं त्याच्या हाताखाली. साइटवर माझ्यापाठोपाठ जुना तोच.

"वसंता, हा थर पहिल्यांदा कोणी पाहिला?"

"मीच पाह्यला मॅडम."

"तुला राख दिसली?"

वसंता नदीकडं पाहायला लागला. "चहा घेता काय मॅडम?"

"वसंता."

"नाही न मॅडम," तो एकदम कळवळून बोलला. "मले राड दिसली. मी साहेबायले फोन लावला. म्हटलं, साहेब, ट्रेंचमधी काळी राड लागली. नदीकडून वारा सुटला होता, अन् इथलं नेटवर्क तं तुमाले मालूमच आहे. साहेब तिकडून वरडले, 'राख? काळी राख?' मी म्हटलं, राड, राड! तं म्हणे, 'शाब्बास वसंता!' अन् फोन कटला."

राड म्हणजे चिखल. नालीत साचतो तसला काळा, कुजका चिखल. एका अक्षराचा फरक. नगर जळालं ते त्या एका अक्षरात.

"अरे, मग सकाळी ते साइटवर आले तेव्हा सांगायचं होतं!"

"सकाळी थे जीपमधून उतरले तं हातात संत्रा बर्फीचे डबे. समद्यायले वाटली. मले तं दोन दोन देल्या. आता तोंडात बर्फी असताना मानूस कसा म्हणन मॅडम, का साहेब, थे राख नव्हे?"

"पण त्यांनी स्वतः खाली उतरून पाहिलं असेल न?"

"पाह्यलं न. मले वाटलं, एवढा मोठा मानूस, त्यायनं पाहूनच ठरवलं असन. त्यायले वाटलं, वसंतानं पाहूनच सांगतलं असन."

मी कपाळावर हात मारला. पण हसूही येत होतं, काय करू? "आणि इतक्या जणांतून कोणालाच तोंड फुटलं नाही?"

"साहेब किती खूश होते मॅडम. तुमी पाहाले पाह्यजे होतं."

घाबरून गप्प बसलेली माणसं मी नोकरीत भरपूर पाहिली होती. इथं कोणी घाबरलं नव्हतं. कोणी खोटंही बोललं नव्हतं. सगळे मायेपोटी गप्प होते. माणसाला बुडवायचा हा प्रकार मला नवीन होता.

आणि बुडणार तर होतेच. आज ना उद्या लॅबचा रिपोर्ट आला असता. हॉलमध्ये साहेबांच्याच पिढीचे दोन-तीन विद्वान बसणार होते, आयुष्यभर त्यांच्याशी वाद घातलेले. त्यांनी नंतर जे केलं असतं ते साहेबांनी रिटायर होऊन, आरामखुर्चीत बसून वाचलं असतं. शेवटचं काम म्हणून लोकांनी हेच लक्षात ठेवलं असतं. मला ते सहन झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी साइटवर सगळ्यांसमोर म्हटलं, "साहेब, आपण इथंच फ्लोटेशन करू."

फ्लोटेशन म्हणजे साधी गोष्ट आहे. पाण्यानं भरलेल्या ड्रममध्ये माती हळूहळू सोडायची आणि ढवळायची. माती तळाला जाते. कोळसा, जळके दाणे हलके असतात, ते वर तरंगतात. ते जाळीनं गाळून घ्यायचे. एखादं नगर जळालं असेल तर कोळसा वर येणारच, त्याला इलाज नाही. लाकडी वासे, कुडाची छपरं, कोठीतलं धान्य, सगळ्यांचा मिळून कोळसाच होतो.

सगळ्यांसमोर म्हटलं ते मुद्दाम. एकट्यात म्हटलं असतं तर पुन्हा 'बघू' झालं असतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. राग आला होता. पण माणूस गमतीदार. बाह्या वर सारत म्हणाले, "करा. कोळसा वर आला की तुम्ही सगळ्यांसमोर कान धरायचे."

"धरीन."

ड्रम भरला. वसंतानं घमेल्यातून माती सोडली, मी ढवळू लागले. सगळे गोल करून उभे. पाणी काळं झालं. वर काहीच येईना. साहेब म्हणाले, "जोरात ढवळा, बासुंदी नाही करून राहिल्या." मी जोरात ढवळलं. कोळशाचा एक कण नाही. मग कडेकडेनं पांढरं पांढरं काहीतरी वर यायला लागलं. जिऱ्याच्या दाण्याएवढं. एक, दोन, मग मूठभर.

साहेबांनी बोटावर एक दाणा घेतला. चष्मा कपाळावर सरकवला. डोळ्याजवळ नेलं. गोगलगायीचा शंख होता. साचलेल्या पाण्यात राहणारी बारकी गोगलगाय. आत हवा भरलेली, म्हणून तरंगली.

नदीवर कुठंतरी कपडे आपटल्याचा आवाज येत होता, तेवढाच.

"आगीत गोगलगायी राहत नाहीत," साहेब हळूच म्हणाले. ते स्वतःशीच बोलत होते. मग बोट रुमालाला पुसलं आणि विचारलं, "जीप कुठं आहे?"

जीप गेली. वसंता माझ्याकडे रागानं पाहायला लागला. "कान धरले असते तं काय बिघडलं असतं मॅडम?"

ड्रम उपडा केला आणि एका झाडामागं जाऊन रडले. हो, रडले. ज्यानं हातात ट्रॉवेल दिला त्याच्याच पोटात तो खुपसला, असं वाटत होतं.

रडून झाल्यावर काम केलं. आमच्या धंद्यात रडून झाल्यावर कामच असतं. आग नाही, तर मग ही राड इथं आली कुठून? वसंताला म्हटलं, मुकाट्यानं चल, हा काळा पट्टा जातो कुठं ते पाहू. पट्टा जात होता सरळ, नदीकडं, दोन्ही बाजूंनी विटांच्या रांगा. साहेब त्यालाच नगरावर पसरलेली राख समजले होते. ती नाली होती. नगराची मोठी नाली, काठोकाठ तुंबलेली आणि वरून रस्त्यावर सांडलेली.

नालीच्या दोन्ही बाजूंची घरं आधीच उघडी झाली होती. प्रत्येक घरात जमिनीवर जमीन चढवलेली दिसत होती. खाली एक चोपलेली जमीन, तिच्यावर भर, वर दुसरी, तिच्यावर तिसरी. उंबरासुद्धा दर वेळी वर उचललेला. हे आम्ही पूर्वीच पाहिलं होतं आणि त्याला भरभराट म्हटलं होतं. पैसा आला, घर नवं केलं, असं. आता नाली समोर आल्यावर मला दुसरंच दिसायला लागलं. नाली तुंबली, पाणी घरात शिरलं. या घरानं आपली जमीन उचलली. मग पाणी समोरच्या घरात शिरलं. त्यानं आपली जमीन याच्याहून वर नेली. मग शेजाऱ्यानं. असं करत करत सगळी आळी उंच होत गेली. नाली कोणीच उपसली नाही.

आणि सगळ्यात वरच्या जमिनीवर काय होतं? काहीच नाही. बाण नाही, हाडं नाहीत. जात्याची जागा होती, जातं नव्हतं. दाराची खोबण होती, दार नव्हतं. माणसं आपापलं सामान उचलून कुठंतरी निघून गेली होती.

मी त्या उंबऱ्याशी बराच वेळ बसून राहिले. आमच्या वस्तीत हेच तर चाललं होतं. शेजाऱ्यानं ओटा उचलला म्हणून आम्ही उचलला. मिस्त्रीला पैसे देताना मला किती हुशार वाटलं होतं.

साहेब फोन उचलत नव्हते. पंचवीस तारखेला दुपारी मी त्यांच्या घरी गेले. दार वहिनींनी, साहेबांच्या पत्नींनी, उघडलं.

"बरं झालं बाई आलीस. काल मी भाजीत मीठ घालायचं विसरले तरी हे काही बोलले नाहीत. मला तर धास्तीच वाटून राहिली."

साहेब बाल्कनीत बसले होते. माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "हॉलवाल्यांना फोन करा. सांगा, बीपी वाढलं."

"वाढलंय का?"

"वाढेल."

मी समोर बसले. वहिनी दारातच उभ्या राहिल्या.

"सुनंदाबाई, चार दिवस थांबल्या असत्या तर काय होत होतं? व्याख्यान झालं असतं. मी घरी बसलो असतो. मग तुम्ही हवं ते दुरुस्त करून टाकायचं होतं."

"म्हणजे तुमच्या पाठीमागं तुमच्या नावावर काट मारायची? ते मला जमलं नसतं साहेब. तुम्ही मला ट्रेंच दिला होता. तुमच्यापासून लपवायला नव्हता दिला." मी खुर्ची पुढं ओढली. "आणि तुम्हाला कोणी हसलं असतं तर मी त्याचं डोकं फोडलं असतं."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. साहेब खाली पाहत होते. तसेच म्हणाले, "मी उतरलो होतो खाली. हात लावला होता मातीला. चिकट लागली होती मला. पण मला वाटलं, दव पडलं असेल. इतकी वर्षं वाट पाहिली न, म्हणून तसं वाटलं."

मी म्हटलं, "साहेब, थर कसला आहे ते कळलं."

"कसला?"

"नाली आहे."

मी सांगायला लागले. नाली कुठून कुठं जाते, विटा कशा लावल्यात, घरांच्या जमिनी कशा उचलल्यात. आधी ते हूं हूं करत होते. मग एकदम म्हणाले, "थांबा. उंबरे सगळ्या घरांत उचललेत? की नालीकडच्याच?"

"नालीकडच्या सगळ्या घरांत."

"आणि नालीच्या तळाशी काय आहे? तळ स्वच्छ आहे का? म्हणजे आधी ती उपसत होते का?"

"तळाशी स्वच्छ वाळू आहे. वर राड."

"म्हणजे आधी उपसत होते!" साहेब उठून उभे राहिले. "अहो, म्हणजे उपसणं कधीतरी बंद झालं! माझे बूट कुठं आहेत?"

"अगं बाई, बीपी?" वहिनी म्हणाल्या.

"कोणाचं बीपी?" साहेब म्हणाले.

आम्ही तडक साइटवर गेलो. साहेब कोणाचा हात न धरता ट्रेंचमध्ये उतरले आणि पँट खराब होईल याचा विचार न करता त्या नालीच्या काठावर बसले. या घराचा उंबरा पाहिला, त्या घराचा पाहिला. हातानं माती चोळली, वास घेतला. वसंता लांब उभा होता. साहेबांनी त्याला हाक मारली.

"काय रे वसंता, त्या दिवशी फोनवर तू मला काय म्हणाला होतास?"

वसंताचा चेहरा पडला. "राड म्हणलं होतं साहेब."

"आणि मी बर्फी वाटली."

"हाव साहेब."

"गोड होती का?"

"भल्ली गोड होती साहेब."

साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग आम्ही सगळेच हसलो. वसंता हसता हसता रडला. माझ्या मनावरचं ओझं त्या क्षणी उतरलं, खोटं कशाला सांगू?

सव्वीस जानेवारी आमच्या घरी सणच असतो. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्याकडं पाडव्याला गोडधोड झालं नाही तरी चालेल, या दिवशी झालंच पाहिजे. मी खीर केली, डब्यात भरली आणि हॉलवर साहेबांसाठी घेऊन गेले. पोस्टर तेच लावलेलं होतं. आगीत संपलेलं साम्राज्य. ते विद्वान दुसऱ्या रांगेत येऊन बसले होते.

साहेब उठले आणि पहिलंच वाक्य म्हणाले, "पोस्टर चुकलंय. माझंच चुकलंय. नगर जळालं नव्हतं."

हॉलमध्ये खसखस पिकली. मग त्यांनी सगळं सांगितलं. वारा, फोन, राड, राख, बर्फी, गोगलगाय. काहीही गाळलं नाही. म्हणाले, "आमच्या घराण्यातली माणसं भोसल्यांच्या दफ्तरात होती. राज्य बुडालं त्या सकाळीही ती दफ्तरंच लावत बसली असणार. मी लहानपणी विचारायचो, त्यांना आधी कळलं कसं नाही? आता मला कळलं. कळलेलं असतं. पण धन्याचा मूड चांगला असतो."

लोक हसले. साहेब पुढं बोलू लागले.

"एका नालीमुळं साम्राज्य पडलं असं मी म्हणणार नाही. एका थरावरून बोलायची घाई केली तेव्हा आग नसतानाही माझं तोंड भाजलं. पण त्या आळीत काय झालं ते मी पाहून आलोय. शत्रू आला असता तर ते लढले असते. आग लागली असती तर विझवली असती. नाली तुंबली, तर प्रत्येकानं आपापली जमीन उचलली. लांबून पाहिलं तर गाव श्रीमंत होतंय असं वाटेल. आम्हालाही वाटलं. मी कितीदा त्याला भरभराट म्हणून लिहिलं."

दुसऱ्या रांगेतल्या एका विद्वानानं हात वर केला. मी डबा घट्ट धरला. ते म्हणाले, "मग प्रजासत्ताकानं यातून नेमकं काय शिकायचं, आष्टीकर?"

"त्या लोकांना एक सोय होती," साहेब म्हणाले. "नाली राजाची होती. तुंबली तर राजाला शिव्या देता येत होत्या. आपल्याला ती सोय नाही. आपली नाली आपलीच आहे, आणि आपण तरीही ओटे उचलून राहिलो." मग म्हणाले, "आणि दुसरं, राजाला सांगणारा कोणी नसला तर राजा जातो. लोकांना सांगणारा कोणी नसला तर लोक जातात. मला सांगणारी एक बाई होती. म्हणून आज माझी इज्जत राहिली. गजभिये मॅडम, उभ्या राहा."

मी उभी राहिले खरी. हातात खिरीचा डबा, डोळ्यांत पाणी. फार काही शोभा नव्हती. टाळ्या वाजल्या. ते विद्वानही वाजवत होते. त्यांनी नंतर येऊन साहेबांना मिठी मारली आणि खीरही खाल्ली, निम्म्याहून जास्त.

लॅबचा रिपोर्ट पुढं आला. सांडपाण्याचा गाळ, असं त्यात चांगल्या इंग्रजीत लिहिलं होतं. पेपरात आगीची बातमी मोठी आली होती, नालीची आलीच नाही. टेकाडाजवळच्या गावातली माणसं आजही पाहुण्यांना 'जळालेलं शहर' दाखवतात. आम्ही सांगून थकलो. नाली दाखवायला कोणाला आवडते?

साहेब रिटायर झाले आणि साइट माझ्याकडं आली. मी मनाशी पक्कं ठरवलं होतं, माझ्यासमोर कोणीही काहीही बोलू शकलं पाहिजे. पहिल्याच आठवड्यात मी एका भिंतीकडे बोट दाखवून म्हटलं, ही देवळाची भिंत आहे. मला खात्री होती. वसंता म्हणाला, "नाही मॅडम. गोठा वाटते."

सगळ्यांसमोर म्हणाला. आणि मला काय वाटलं असेल? चांगलं वाटलं? छे! असा राग आला मला, असा राग आला की कानशिलं तापली. हा कोण मला सांगणार? इतकी वर्षं झाली मला. माझ्या तोंडावर 'बघू' आलं होतं. अगदी ओठांपर्यंत आलं होतं. तेव्हा मला समजलं, त्या दिवशी ड्रमपाशी साहेबांनी बाह्या वर सारल्या, तेव्हा त्यांना किती जड गेलं असेल. मी म्हटलं, "दाखव." वसंतानं दाखवलं.

गोठाच होता.